सहाला एक खरं

सोमवार, ४

दादाकडे मुक्काम टाकला. वहिनी शनिवारपासून दवाखान्यात आहे. दादाचा एक पाय तिथे आणि एक पंपदुरुस्तीच्या दुकानात. भिंगरीला बघायला घरात कुणीतरी हवं, आणि बिनलग्नाची बहीण म्हणजे सगळ्या घराण्याची राखीव फौज. कारखान्यात रजेचा अर्ज दिला तर साहेब म्हणाले, "तुम्ही नसलात तर माल तपासणार कोण?" म्हटलं, महिनाभर लोकांनी वाकड्या कॉलरचे शर्ट घातले तर कुणी मरत नाही. बोलले आणि जीभ चावली.

भिंगरी नऊ वर्षांची आहे. रांगायला लागली तेव्हा एका जागी ठरत नसे, म्हणून वहिनीनंच हे नाव ठेवलं. आता जिथे बसवाल तिथे बसते. जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की डोळे मिटते. असलं शहाणं पोर मला आवडायला हवं, पण बघवत नाही.

दादानं मला स्वयंपाकघरात ओढून बजावलं, "तिला काही कळता कामा नये. आई तपासण्यांसाठी गेलीय, बरी होऊन येणार, बस." मला पटलं. आजार रक्ताचा आहे, डॉक्टर म्हणतात उपचार करून बघू. त्या वॉर्डात लहान मुलांना सोडत नाहीत, तेव्हा प्रश्नच मिटला. पोरांच्या जिवाला उगीच घोर कशाला?

गुरुवार, ७

शाळेतून बोलावणं आलं. भिंगरी वर्गात तोंड उघडत नाही म्हणे. बाई माझ्या निम्म्या वयाच्या, पण उपदेश पणजीचा. "घरी तिच्याशी काही खेळता का? एखादा पट मांडून बसा. खेळताना मुलं आपणहून बोलतात. आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतात, हरायलाही शिकतात."

मी म्हटलं, "बाई, हरायला शिकवायला पट कशाला लागतो?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शिकवायला नाही हो. सोबतीला."

एवढ्यासाठी दोन बस बदलून गेले होते. तरी घरी आल्यावर कपाटावरून ल्यूडोचा डबा काढला. भिंगरीनं झाकण परत लावून टाकलं. "आईशिवाय नाही." घ्या. घोडं नदीपर्यंत नेलं आणि ते पाण्याकडे पाठ करून उभं.

तोडगा दादानं काढला. डब्यात फासे दोन आहेत. एक तो दवाखान्यात नेणार. वहिनीनं तिथे रोज पाच वेळा टाकायचा, आणि तिची पाच दानं दादानं संध्याकाळी घरी आणायची. इथे आम्ही पाच फेऱ्या खेळायच्या. पट मांडलेलाच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुढे चालू. भिंगरीनं विचार केला आणि हिरव्या सोंगट्या आईच्या घरात मांडल्या.

शुक्रवार, ८

या घरात ल्यूडो सरळ खेळत नाहीत. वहिनीचा एक नियम आहे. सहा पडले की एक खरं सांगायचं, आणि तेही मनात ठेवलेलं, कुणाला न सांगितलेलं. नाही सांगितलं तर सहा फुकट.

"आणि एरवी काय खोटं बोलायचं?" मी विचारलं.

"एरवी काहीच नाही बोललं तरी चालतं," भिंगरी म्हणाली.

वहिनीची दानं दादानं औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून आणली होती. दोन, सहा, एक, चार, एक. डब्याच्या झाकणात फासा टाकते म्हणे. सहाचं खरंही पाठवलं होतं. दवाखान्यातली पालेभाजी ती खात नाही, रुमालात बांधून उशीमागे ठेवते आणि सिस्टरला सांगते, संपली. भिंगरी हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा तिचे दात दिसले, खालचा एक पडलाय हेही आजच कळलं.

दादालाही सहा पडले. त्यानं कबूल केलं की कालचा डबा दुकानात तसाच राहिला आणि आम्हाला त्यानं खाल्ला म्हणून सांगितलं. मला एकही सहा पडला नाही. बरंच झालं.

सोमवार, ११

आज सुटका नव्हती. मला सहा पडले. मी म्हटलं, "तुझा बाबा घोरतो ते मला सहन होत नाही."

"हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मनात ठेवलेलं सांग."

दादा गालातल्या गालात हसत बसला. मी चिडले, पट गुंडाळून ठेवीन म्हटलं. कुणी हललं नाही. मग तोंडातून निघून गेलं, "मला इथे राहायला आवडतंय. वहिनी आजारी आहे म्हणून यायला मिळालं, आणि तरी आवडतंय."

मला वाटलं आता पोर रागावणार. तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. "हे चालेल," म्हणाली, आणि माझी सोंगटी स्वतःच बाहेर काढून दिली.

पुढच्या फेरीत तिला सहा. "वर्गात मी बोलत नाही कारण आवाज काढला की रडू येतं." दादा उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ पीत राहिला. बाईंचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं म्हणायचं.

वहिनीनंही आज एक खरं पाठवलंय, माझ्याबद्दल. लग्नात मला बघून तिला धडकी भरली होती, की ही नणंद आता साडीची टीप उसवून बघणार. तेव्हापासून ती मला मनात इन्स्पेक्टरबाई म्हणते. आणि आता इन्स्पेक्टरबाई घरात आहे म्हणून तिला झोप लागते, असं सांगितलंय. इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर गोड बोलली नाही बया. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

बुधवार, १३

भिंगरीनं वर्गात कविता म्हटली. बाईंनी वहीत शेरा पाठवलाय. मी तो दोनदा वाचला. संध्याकाळी तिनं माझी पिवळी सोंगटी अगदी घराच्या तोंडाशी आलेली मारली आणि म्हणाली, "रडायचं असेल तर रड." चांगलीच तयार होतेय.

शुक्रवार, १५

वहिनीचं नशीब फळफळलं. सहा, सहा, पाच, सहा, चार. हिरव्या तीन सोंगट्या एकदम मैदानात. मनगटात जोर आलाय म्हणजे औषध लागू पडतंय.

भिंगरीनं विचारलं, "सहाला आई काय म्हणाली?"

"डॉक्टर फेरीवर आले ना, राहूनच गेलं," दादा म्हणाला.

"तिन्ही वेळा?"

"हो गं. उद्या विचारतो."

मी नियमावर बोट ठेवलं. खरं नाही तर सहा फुकट, मग वहिनी काय वेगळी आहे? भिंगरी म्हणाली, "धरू या आत्या. बाबानं आणलेत." आणि हिरव्या सोंगट्या मोजून पुढे नेल्या. स्वतःच्या बाबतीत ही एक घर सोडत नाही, पण आईसाठी मन मोठं आहे.

दादाचा शर्ट सकाळपासून एक काज चुकवून लावलेला. मी ओरडले तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. झोप पुरत नाही त्याला.

रविवार, १७

आज पुन्हा तीन सहा, आणि पुन्हा खरं काही नाही. वहिनीला आळस चढलाय. पहिली हिरवी सोंगटी घरात पोचली. मी म्हटलं, "बघ, तुझी आई डाव जिंकूनच घरी येणार." भिंगरीनं माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे, आणि त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

हल्ली बापाची फार लाडकी झालीय. तो दारात दिसला की हातातली पिशवी घेते, चप्पल सरळ लावते. दुकानातले किस्से विचारते, कुणाचा पंप उलटा फिरत होता, कुणी टाकीत काय टाकलं. तो दमलेला असतो, नको म्हणतो, पण ही सोडत नाही. मग तो सांगायला लागतो आणि सांगता सांगता हसतो. मुलीची माया दुसरं काय.

तिला स्वतःला सहा पडले होते. म्हणाली, "फुकट. मला सांगायचं नाहीये." सोंगटी अडकून पडली तरी हट्ट सोडला नाही. हा हट्ट आमच्या घराण्याचा.

मंगळवार, १९

आजचं आजच लिहून ठेवते.

वहिनीला भेटायला जायचं म्हटलं की दादा काही ना काही कारण काढायचा. आज झोपलीय, आज तपासणी आहे, गर्दी नको. आज त्याला न सांगता गेले. पालेभाजी खात नाही म्हणून डाळीचं पाणी नेलं होतं थर्मासमध्ये.

सिस्टर म्हणाली, "हे कुणाला देणार? त्या गेल्या गुरुवारपासून शुद्धीवर नाहीत."

वहिनी एवढीशी झालीय. नाकात नळी, ओठ सुकलेले. मी हाक मारली. इन्स्पेक्टरबाई आलीय म्हटलं. पापणीसुद्धा हलली नाही. श्वास तेवढा चालू होता, तोही धापा टाकल्यासारखा.

दादा बाहेरच्या बाकावर सापडला. मी त्याची कॉलर धरली. या वयात, दवाखान्याच्या बोळात, सख्ख्या भावाची कॉलर.

"फासा कोण टाकत होतं?"

"मीच. तिच्या उशाशी बसून. आधी पडतील तीच सांगत होतो. मग वाटलं, कमी पडले तर भिंगरी हिरमुसेल. म्हणून सहा."

"आणि मला? मलाही सहाच?"

"तुझा चेहरा लपत नाही. तुला कळलं असतं तर तिला कळलं असतं."

डॉक्टरांनी आता आठवड्याच्या गोष्टी सोडल्यात, दिवसांच्या करतात. मी म्हटलं, पोरीला आण. एकदा बघू दे. नंतर बघू म्हटलं तर नंतर उरणार नाही. त्यानं हात जोडले. "नको. तिच्या डोळ्यांसमोर आई हसरी राहू दे. नळ्या लावलेली नको. मी बाप आहे तिचा, हे माझ्यावर सोड."

मी सोडलं. चुकले की बरोबर केलं, देव जाणे.

बुधवार, २०

निसटलेला टाका मला हातभर लांबून दिसतो, त्याचाच पगार घेते. आणि पाच दिवस रोज समोर ठेवलेलं खोटं मला दिसलं नाही. उलट मनगटात जोर आला म्हणून इथे लिहून ठेवलंय. वर वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी दादा आला. "आज आईला सहा, पाच, सहा." नंतरचे आकडे मी ऐकले नाहीत. भाजी चिरायची आहे म्हणून आत गेले, भाजी चिरून झालेली होती. बाहेरून भिंगरीचा आवाज येत होता, "मग बाबा, तो पंपवाला काय म्हणाला?" दादा सांगत होता. पोरगी खिदळत होती. मला ते खिदळणं ऐकवेना. हिची आई जातेय, हिला पत्ता नाही, आणि आपण तिला ल्यूडो खेळवतोय. त्या बाईंना म्हणावं, या आणि बघा तुमची सोबत.

गुरुवार, २१

दादाचा फोन आला. डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय, रात्री येणार नाही. भिंगरीला म्हटलं, आज राहू दे खेळ. नाही म्हणाली, आपण दोघी तर खेळू.

पहिलंच दान मला सहा पडलं.

ती मांडी घालून बसली होती, हात मांडीवर. घाई केली असती, चिडवलं असतं तर मी टाळलं असतं, काहीतरी थातुरमातुर सांगितलं असतं. ती नुसती थांबून राहिली. पाळी नसताना थांबावं तशी.

मी म्हटलं, "तुझी आई फार आजारी आहे. ती बोलत नाही. डोळे उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, आता बरी होणार नाही."

बोलताना माझं मलाच आवरेना. पदर तोंडावर घेतला. माझ्या गुडघ्यावर हात आला, लहानसा, गार.

"माहीत आहे," भिंगरी म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सहा पडल्यावर आई गप्प बसेल का आत्या? ती तर चार पडले तरी सांगायची. मी म्हणायचे, आई, चारला नसतं."

मग मी विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस. ती कुजबुजत म्हणाली, "बाबाला कुणी सांगितलंय का?"

मला आधी समजलंच नाही.

"त्याला वाटतं ती घरी येणार. रोज म्हणतो. तिची दानं आणतो. त्याला कळलं तर तो काय करेल? म्हणून मी त्याला हसवत होते."

पोरीला काही कळू नये म्हणून बाप खोटं बोलत होता, आणि बापाला काही कळू नये म्हणून पोर सोंगट्या पुढे नेत होती. मला वाटत होतं हिला पत्ता नाही.

मी सांगितलं की बाबाला माहीत आहे. तिचा विश्वास बसला नाही. "नाही माहीत. मी सांगते त्याला. पण मला आईकडे ने."

बाप आहे तिचा, त्याच्यावर सोडलंय असं मी म्हटलं होतं. परत घेतलं.

शुक्रवार, २२

शाळा बुडवली. तिची वेणी घातली, दोनदा उसवून पुन्हा घातली, मला सरळ येईना. बसमध्ये मी सगळं सांगितलं. नाकात नळी आहे, हात सुजलाय, चेहरा वेगळा दिसेल, हाक मारलीस तरी ओ देणार नाही. प्रत्येक गोष्टीला तिनं मान हलवली. "केस आहेत का?" एवढंच विचारलं. आहेत म्हटलं.

दादानं आम्हाला बोळाच्या टोकाशी बघितलं आणि तो ताडकन उठला. "इन्स्पेक्टर, तुला मी काय सांगितलं होतं? कुणाला विचारून आणलंस?" बोळातली माणसं वळून बघायला लागली. मी उत्तर देणार एवढ्यात भिंगरी पुढे झाली.

"बाबा, तू खाली बस."

तो बसला. बाकावर बसला तेव्हा दोघांचे चेहरे समोरासमोर आले. तिनं त्याचे दोन्ही हात धरले, तो तिचे धरतो तसे, रस्ता ओलांडताना.

"बाबा, आई आता घरी येणार नाही. ती बरी होणार नाहीये. आत्याला विचार हवं तर."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. मग माझा भाऊ, आमच्या आईवडलांच्या वेळी डोळ्यांतून टिपूस न काढलेला माझा मोठा भाऊ, लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "मी आहे ना. आत्या पण आहे."

मी सिस्टरकडे गेले, लहान मुलांना मनाई आहे ना, म्हणून विचारायला. "ती मनाई पेशंटला संसर्ग होऊ नये म्हणून असते," म्हणाली. "आता जाऊ द्या." या वाक्याचा अर्थ मला नीट कळला आणि तरी मी तिचे आभार मानले.

दोघं हात धरून आत गेली. मी बाहेर थांबले. काचेतून दिसत होतं. भिंगरी आधी लांब उभी होती. मग जवळ गेली, मग पलंगावर चढून वहिनीच्या कुशीत बसली आणि बोलायला लागली. किती बोलत होती. वर्गाचं, माझं, बापाचं, काय काय सांगत असेल. हातवारे चालले होते. दादा पायाशी बसून ऐकत होता.

वहिनीनं डोळे उघडले नाहीत. इथे खोटं लिहायचं नाही.

सोमवार, २५

वहिनी काल दुपारी गेली. सकाळपासून श्वास अडकत होता. डॉक्टर म्हणाले, मुलीला बाहेर न्या. दादा म्हणाला, "तिला विचारा." ती थांबते म्हणाली. आईचा हात धरून बसली होती. शेवटी श्वास आला नाही तेव्हा तिनं आणखी एकाची वाट बघितली, आणि मग आमच्याकडे बघितलं.

आज घर माणसांनी भरलंय. भिंगरी सगळ्यांना पाणी देत फिरतेय, बस म्हटलं तरी बसत नाही. मधेच कुठेतरी कोपऱ्यात रडते, तोंड धुते, पुन्हा येते. दादाला मी बळेच दोन घास भरवले. माझी रजा संपतेय, पण साहेबांना कळवलंय की इतक्यात येणार नाही. काढून टाकायचं असेल तर टाका म्हटलं.

दुपारी समोरच्या काकू आल्या. चांगली बाई आहे, वहिनीच्या जिवाभावाची. तिनं भिंगरीला जवळ ओढलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "आई लांबच्या गावाला गेलीय हं बाळा. आपण शहाण्यासारखं वागलं ना, की येईल."

मी बोलणार होते. दादानं माझा हात दाबला.

"नाही काकू," भिंगरी म्हणाली. "आई वारली. मी होते तिथे."

काकूंना हुंदका आवरेना. भिंगरी त्यांच्याजवळ बसून राहिली, त्यांचं रडू ओसरेपर्यंत.